चार वर्षांत एकच फेरा

प्रश्न असा आला आहे: फोन तारीख दाखवतो, आजची नवी पर्पेच्युअल कॅलेंडर घड्याळं, म्हणजे महिन्यांची लांबी आणि लीप वर्ष स्वतः ओळखणारी घड्याळं, जास्त दणकट आणि वापरायला सोपी आहेत. मग संग्राहक साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या, जेमतेम ३५ मिलिमीटरच्या घड्याळांसाठी एवढे पैसे का मोजतात? त्यांना त्यात नेमकं दिसतं काय? आणि स्वतःसाठी एखादं घ्यायचंच झालं तर काय बघून घ्यावं?

मी बत्तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतो आहे. सुरुवात दादरच्या एका छोट्या दुकानात एचएमटी जनता उघडून-पुसून झाली. पुढे स्वित्झर्लंडमध्ये शिकलो आणि बरीच वर्षं जिनिव्हाच्या एका कारखान्यात जुन्या गुंतागुंतीच्या घड्याळांच्याच टेबलावर बसलो. त्यामुळे हे उत्तर टेबलामागून आलेलं आहे, लिलावाच्या दालनातून नाही. माझ्या मते या घड्याळांची ओढ ‘ती तारीख चुकत नाहीत’ यात नाही. तारीख न चुकणारं घड्याळ आज अगदी स्वस्तात मिळतं. ओढ यात आहे की एका माणसाने चार वर्षांचा हिशेब पितळ आणि पोलादात घासून बसवलाय आणि तो हिशेब तुमच्या मनगटावर इतका सावकाश चालतो की त्याचा एक फेरा पुरा झालेला बघायला तुम्हाला चार वर्षं ते घड्याळ सांभाळावं लागतं. जुन्या घड्याळात तो हात अजून दिसतो. दिसत नसेल, तर ते घड्याळ घेऊ नका. यावर पुढे येतोच.

आधी आतलं यंत्र समजून घेऊ, कारण त्याशिवाय बाकीचं सगळं नुसतं किमतीचं बोलणं होतं.

साध्या तारखेच्या घड्याळाला ३१ दिवसच माहीत असतात. वर्षातले पाच महिने त्याहून लहान, म्हणून पाच वेळा तारीख हाताने पुढे करावी लागते. पर्पेच्युअल कॅलेंडरला प्रत्येक महिन्याची लांबी माहीत असते आणि कुठल्या वर्षी फेब्रुवारी २९ चा हेही माहीत असतं. आपल्याकडे अधिक महिना का घालतात हे घरातल्या कुणी ना कुणी लहानपणी समजावलेलं असतं. चंद्र आणि सूर्य यांचे हिशेब जुळत नाहीत, मग मधे एक महिना सरकवून जुळवून घ्यायचं. लीप वर्ष ही त्याच जातीची तडजोड, फक्त एका दिवसाची. ही तडजोड कागदावर करणं सोपं आहे. चाकांना ती शिकवणं अवघड, कारण चाकाला सगळे दात सारखे हवे असतात आणि महिने सारखे नसतात.

जुन्या घड्याळजींनी काढलेला तोडगा असा. एक लहान चाक घ्यायचं, जे ४८ महिन्यांत एकदा फिरतं. त्याच्या कडेला महिन्यागणिक उंच-सखल भाग कोरायचे. ३१ दिवसांच्या महिन्याला कड पूर्ण उंच. ३० दिवसांच्या महिन्याला उथळ खाच. लीप वर्षाच्या फेब्रुवारीला त्याहून खोल आणि साध्या फेब्रुवारीला सर्वांत खोल. चार वर्षांत ३१ चे महिने २८, ३० चे १६, साधे फेब्रुवारी तीन आणि लीपचा एक. म्हणजे त्या चाकावर वीस खाचा येतात आणि त्या वीसपैकी एकच खाच ‘२९’ म्हणते. काही रचनांत हे चाक १२ महिन्यांचं असतं आणि फेब्रुवारीच्या जागी एक चिमुकला तुकडा स्वतंत्रपणे फिरून कोणतं वर्ष आहे ते सांगतो. तत्त्व तेच.

या चाकावर एका लांब लिव्हरची चोच टेकलेली असते. हा लिव्हर दिवसातून एकदा हलतो आणि तारखेच्या ३१ दातांच्या चाकाला एक दात पुढे ढकलतो. त्यालाच आणखी एक लांब बोट असतं. महिनाभर ते बोट रिकामंच सरकतं. पण चोच खोल खाचेत असेल तर लिव्हर जास्त मागे जाऊन बसतो आणि पुढच्या वेळी ते बोट तारखेच्या चाकावरच्या शंखाच्या आकाराच्या चकतीची (कॅमची) पायरी पकडून तारीख थेट १ वर आणून ठेवतं. खाच जितकी खोल, तितकी ही पकड लवकर.

हे वाचताना कोरडं वाटेल. टेबलावर ते कोरडं राहत नाही. सर्व्हिसिंग झालं की आम्ही डायल लावण्याआधी काटे फिरवून एकेक महिनाअखेर तपासतो. फेब्रुवारीला माझा हात आपोआप हळू होतो. २८ तारीख, भिंग डोळ्याला, किल्लीने काटे पुढे. लिव्हर सरकायला लागतो आणि एका स्प्रिंगवर ताण चढत जातो, तो बोटांना किल्लीतून कळतो. रोजच्यापेक्षा जास्त कळतो, कारण आज त्याला एक नाही, चार दात ओलांडायचे आहेत. २९, ३०, ३१ सरकून जातात, १ वर चाक थांबतं आणि त्याच ओघात महिन्याचं चाक एक घर पुढे जातं. मग त्या खाचेकडे पाहावं. उथळ आणि खोल यांतला फरक नुसत्या डोळ्याला जेमतेम कळतो. तो फरक १९४०-५० च्या दशकांत कुणीतरी कानसीने घासून, लावून, काढून, पुन्हा घासून आणला. जुन्या यंत्रांत अनेकदा कॅलेंडरच्या सुट्या भागांच्या पोटावर घड्याळाच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे ठोकलेले दिसतात, कारण एका घड्याळाचा लिव्हर दुसऱ्यात तसाच बसेल याची खात्री नव्हती. एक घड्याळ, एक जुळणी. आजचे भाग संगणकाच्या यंत्रावर कापले जातात, कोणताही कोणत्याही घड्याळात बसतो, आणि ते दुरुस्तीसाठी उत्तमच आहे. पण संग्राहकाला ओढ वाटते ती त्या ठोकलेल्या आकड्यांची.

एक प्रसंग सांगतो, कारण मला स्वतःला या घड्याळांचं वेड कुठे जडलं हे त्याशिवाय सांगता येत नाही. २०१४ मध्ये एक मध्यमवयीन बाई वडिलांचं घड्याळ घेऊन आल्या. जिनिव्हाच्या पाटेक फिलीप कंपनीचं, रेफरन्स (म्हणजे मॉडेल क्रमांक) ३४४८, सोन्याचं, वडिलांनी १९७४ मध्ये विकत घेतलेलं. ते गेल्यावर खणात ठेवलेलं, कुणी हात लावला नव्हता. खिडक्यांत वार रविवार, महिना मार्च. खाली तारखेचा काटा ९ वर. चंद्राच्या खिडकीत चंद्र नाही, नुसतं निळं आकाश. ३४४८ च्या डायलवर लीप वर्ष दाखवणारी खूण नसते. डायल उतरवल्यावर महिन्याचं चाक चार वर्षांच्या फेऱ्यात कुठे उभं आहे ते पाहिलं: लीप वर्षानंतरचं पहिलं वर्ष.

आता हिशेब करा. वार, तारीख, महिना आणि लीपची पायरी, या चारही गोष्टी एकत्र २८ वर्षांतून एकदाच जुळतात. लीप वर्षानंतरच्या वर्षी ९ मार्चला रविवार १९६९ मध्ये आला, मग १९९७ मध्ये आणि त्यानंतर २०२५ मध्ये येणार होता. १९६९ मध्ये घड्याळ त्यांच्याकडे नव्हतं. उरलं १९९७. चंद्राचीही साक्ष होती: ९ मार्च १९९७ ला अमावस्या होती, त्या दिवशी सैबेरियातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं होतं. मी त्यांना तारीख सांगितली तेव्हा त्या काही क्षण बोलल्या नाहीत. वडिलांना शुक्रवारी, ७ तारखेला संध्याकाळी दवाखान्यात नेलं होतं आणि घड्याळ तेव्हाच हातातून काढलं होतं. असं स्वयंचलित, म्हणजे मनगटाच्या हालचालीने स्वतःची चावी भरणारं घड्याळ पूर्ण भरलेलं असलं की दीड-दोन दिवस चालतं. ते रविवारी थांबलं.

साधं घड्याळ थांबलं की वेळ सांगतं. हे घड्याळ थांबलं आणि त्याने दिवस सांगितला, वर्षासकट. उघडण्याआधी डायलचा एक फोटो काढून आम्ही बिलाबरोबर त्यांना दिला. मग घड्याळ चालू करून त्या दिवसाच्या तारखेला लावलं, तसंच त्यांना हवं होतं.

आता इतिहास, कारण संख्या कळल्याशिवाय किंमत कळत नाही.

पर्पेच्युअल कॅलेंडर खिशातल्या घड्याळांत खूप आधीपासून होतं. लंडनच्या थॉमस मजने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते केलेलं आहे. मनगटावर ते फार उशिरा आलं आणि आलं तेही जवळजवळ योगायोगाने. पाटेक फिलीपने १८९८ मध्ये महिलांच्या गळ्यातल्या घड्याळासाठी एक लहानसं पर्पेच्युअल कॅलेंडर यंत्र बनवलं होतं, क्रमांक ९७९७५. ते तसंच पडून राहिलं. १९२५ मध्ये ते मनगटी घड्याळाच्या केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचात बसवलं आणि १९२७ मध्ये थॉमस एमरी या अमेरिकन संग्राहकाला विकलं. पर्पेच्युअल कॅलेंडरचं हे पहिलं ज्ञात मनगटी घड्याळ.

खरी सुरुवात १९४१ ची. युरोपात युद्ध पेटलेलं, आणि जिनिव्हात पाटेक फिलीपने एकाच वर्षी दोन घड्याळं आणली. रेफरन्स १५२६ म्हणजे साधं पर्पेच्युअल कॅलेंडर, ३४ मिलिमीटर. रेफरन्स १५१८ म्हणजे पर्पेच्युअल कॅलेंडर आणि क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच) एकाच केसमध्ये. त्याआधी अशी घड्याळं एकेक, मागणीनुसार होत. ही दोन पहिल्यांदा मालिका म्हणून झाली. पण ‘मालिका’ हा शब्द ऐकून फसू नका. १५२६ ची साधारण २१० घड्याळं बनली. १५१८ ची १९५४ पर्यंत २८१. त्यानंतर आलेल्या २४९९ ची १९८५ पर्यंत ३४९. १५१८ आणि २४९९ मिळून चव्वेचाळीस वर्षांत ६३० घड्याळं, म्हणजे वर्षाला सरासरी चौदा. चौदा घड्याळं! आमच्या दादरच्या दुकानात दिवसाला त्याहून जास्त घड्याळं यायची.

एवढी कमी का? कुणी मुद्दाम कमी केली नाहीत. ती करणारे हातच तेवढे होते. १५१८ चं मूळ यंत्र व्हॅले द जू या डोंगराळ खोऱ्यातल्या वाल्जू कंपनीचं, कॅलेंडरचं काम त्याच खोऱ्यातल्या व्हिक्टोरिन पिगे यांच्या कारखान्याशी जोडलेलं, डायल जिनिव्हाच्या श्टर्न फ्रेर यांची, केस तिथल्याच केसकारांच्या. एका घड्याळात चार-पाच वेगवेगळ्या घरांचं काम. शिवाय ग्राहकही थोडे होते. आज जी मर्यादित आवृत्ती म्हणून ठरवून शंभर घड्याळं काढतात, त्यांची आणि या कमतरतेची जात वेगळी आहे, आणि अनुभवी संग्राहक हा फरक फार पटकन ओळखतो.

यातलं माझं आवडतं मात्र १५१८ नाही. ३४४८ आहे. १९६२ मध्ये आलेलं, मालिकेत बनलेलं पहिलं स्वयंचलित पर्पेच्युअल कॅलेंडर मनगटी घड्याळ. १९८१ पर्यंत ५८६ बनली. साडेसदतीस मिलिमीटर, तेव्हाच्या मानाने मोठं, डायल सपाट आणि मोकळं, कडा धारदार. इटालियन संग्राहक त्याला ‘पादेल्लोने’ म्हणतात, म्हणजे मोठा तवा. १९८० च्या दशकात जुन्या घड्याळांना किंमत आली ती बरीचशी या इटालियन मंडळींमुळे. तोवर ही घड्याळं वजनाच्या सोन्याहून थोडी जास्त किमतीची जुनी वस्तू मानली जात. ३४४८ चं पुढचं भावंड ३४५०, १९८१ ते १९८५, संख्या २४४. फरक एवढाच की त्याच्या डायलवर लीप वर्ष कळण्यासाठी एक चिमुकली खिडकी आली; सुरुवातीच्या घड्याळांत लीप वर्षी तिथे लाल ठिपका येतो. वर्षातून नाही, चार वर्षांतून एकदा येणारा ठिपका. मी २९ फेब्रुवारीच्या दिवशी असं घड्याळ टेबलावर असावं म्हणून काम दोन दिवस लांबवलेलं आहे.

लीप वर्ष डायलवर दाखवण्याचा मान मात्र पाटेकचा नाही. १९५५ मध्ये ओडेमार पिगे या दुसऱ्या स्विस कंपनीने रेफरन्स ५५१६ केलं, लीप वर्ष दाखवणारं पहिलं पर्पेच्युअल कॅलेंडर मनगटी घड्याळ. नऊच बनली.

चंद्राबद्दल एक गोष्ट. जुन्या घड्याळांतलं चंद्राचं चाक सहसा ५९ दातांचं, म्हणजे दोन चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचे धरलेले. खरा चांद्रमास २९.५३ दिवसांचा. त्यामुळे साधारण दोन वर्षं आठ महिन्यांत एक दिवसाची चूक पडते. नव्या घड्याळांत शंभराहून जास्त वर्षं न चुकणारे चंद्र मिळतात. जुन्याच्या मालकाला तिसऱ्या वर्षी एकदा आकाशाकडे बघून बटण दाबावं लागतं. मला हे उणं वाटत नाही.

आता प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्याकडे, काय बघावं. इथे मला सविस्तर बोलायचं आहे, कारण चुका इथेच होतात आणि त्या भरून येत नाहीत.

पहिली नजर डायलवरच्या अक्षरांवर. त्या काळच्या पाटेकच्या उत्तम डायलवर नाव शाईने छापलेलं नसायचं. अक्षरं धातूत कोरायची, त्यात इनॅमलची पूड भरायची, भट्टीत भाजायची आणि मग घासून सपाट करायची. म्हणून ऐंशी वर्षांनीही ती काळीभोर राहतात. भिंगाखाली, तिरक्या उजेडात बघा: अक्षराला अंग असतं, कड ठाम असते. आता ‘जनेव्ह’ (Genève, जिनिव्हाचं फ्रेंच नाव) या शब्दातल्या è या अक्षरावरची ती तिरकी बारीक रेघ शोधा. डायल कुणी जोरात धुतली-घासली असेल तर सगळ्यात आधी ती रेघ पुसट होते, मग सेकंदांच्या खुणा तुटक होतात. ती रेघ जिवंत असेल तर डायल बहुधा सुखरूप आहे. ती रेघ अर्धी असेल तर विक्रेत्याला विचारा की डायल कधी साफ केली. ती रेघ जाड आणि शाईची वाटत असेल, तर कुणीतरी ती पुन्हा काढली आहे.

मुंबईत वाढलेल्या माणसाला हे सांगताना जीव तुटतो. आमच्याकडे पावसाळ्याच्या दमट हवेने डायलवर डाग पडत आणि डायल नवी रंगवून देणं ही चांगली सेवा मानली जाई. गिऱ्हाईक खूष होऊन जायचं. मी स्वतः शिकाऊ असताना अशा कितीतरी डायल रंगाऱ्याकडे पोचवल्या आहेत. रोज घालायच्या घड्याळाला त्यात काही वाईट नाही. पण या घड्याळांत डाग पडलेली मूळ डायल आणि चकचकीत रंगवलेली डायल यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक पडतो, आणि माझ्या मते तो फरक रास्त आहे. डाग हे त्या घड्याळाचं वय आहे. नवा रंग फक्त रंगाऱ्याचं काम दाखवतो.

दुसरी नजर केसवर, आणि विशेषतः पट्टा जिथे अडकतो त्या कानांवर, ज्यांना आम्ही लग म्हणतो. स्विस सोन्यावर शुद्धतेचा ठसा असतो, हेल्व्हेशियाचं, म्हणजे स्वित्झर्लंडचं प्रतीक मानलेल्या स्त्रीचं, बारीक डोकं. प्रत्येक पॉलिशमध्ये सोनं थोडं निघून जातं. तीन-चार पॉलिशनंतर डोक्याचा चेहरा गुळगुळीत होतो, लगांच्या कडा गोल होतात आणि घड्याळ साबणाच्या वडीसारखं दिसू लागतं. ठसा ठसठशीत हवा. झाकणाच्या आतल्या बाजूला केसकाराची खूण असते. जिनिव्हाच्या केसकारांची खूण म्हणजे किल्लीच्या आकारात एक क्रमांक. ती त्या मॉडेलच्या केसकाराशी जुळते का बघा.

तिसरं, कागद. पाटेक फिलीप आपल्या जुन्या नोंदवह्यांमधून उतारा देते: यंत्राचा क्रमांक, केसचा क्रमांक, कधी बनलं, कधी विकलं, केसचा धातू कोणता. केस एका घड्याळाची आणि यंत्र दुसऱ्याचं अशी जोडलेली घड्याळं बाजारात आहेत. हा उतारा नसेल तर मागवा, येईपर्यंत थांबा. थांबायला तयार नसलेल्या विक्रेत्याकडून मी काहीच घेणार नाही.

चौथं, वार आणि महिन्यांची भाषा. या खिडक्यांतल्या चकत्या इंग्रजी, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, जर्मन अशा वेगवेगळ्या भाषांत येत, ज्या देशात घड्याळ विकलं जायचं त्याप्रमाणे. मिलानला विकलेल्या घड्याळात इंग्रजी चकत्या दिसल्या तर कुणीतरी त्या बदलल्या आहेत, निदान तसा प्रश्न विचारायला हवा. हे छोटं आहे, पण बोलकं आहे.

किमतींबद्दल मी थोडकंच बोलेन. १५१८ ची बहुतेक घड्याळं पिवळ्या सोन्याची, काही गुलाबी सोन्याची. पोलादातली ज्ञात आहेत फक्त चार. त्यातलं एक नोव्हेंबर २०१६ मध्ये जिनिव्हात फिलिप्स या लिलावगृहात १ कोटी १० लाख स्विस फ्रँकांना गेलं. तेव्हा ती लिलावातल्या मनगटी घड्याळाची सर्वांत मोठी किंमत होती. गायक एरिक क्लॅप्टन यांच्याकडचं प्लॅटिनमचं २४९९ हे २०१२ मध्ये क्रिस्टीज या लिलावगृहात ३४ लाख फ्रँकांहून जास्त किमतीला विकलं गेलं. प्लॅटिनमची दोनच बनली आणि दुसरं पाटेकच्याच संग्रहालयात आहे. हे आकडे खरे आहेत, पण ते दुर्मिळतेचे आकडे आहेत. पोलादी १५१८ च्या आतलं यंत्र आणि पिवळ्या सोन्याच्या १५१८ च्या आतलं यंत्र एकच. ज्याला यंत्राची ओढ आहे त्याने पोलादाच्या मागे धावू नये.

मग सर्वसाधारण माणसाने काय करावं? मी १९७८ ते १९९० च्या दशकाकडे बोट दाखवेन आणि त्याला कारण फक्त किंमत नाही. १९७० च्या दशकात बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ आलं आणि स्विस घड्याळ उद्योगात हाहाकार झाला. साधारण ९० हजार कामगारांचे दहा-पंधरा वर्षांत तीसेक हजार उरले. अशा वेळी ल ब्रासूस गावात ओडेमार पिगेच्या तीन घड्याळजींनी, मिशेल रोशा, जाँ-दानियेल गोले आणि विल्फ्रेड बर्नी यांनी, कामाची वेळ संपल्यावर गुपचूप एक पर्पेच्युअल कॅलेंडर आखलं. १९७८ मध्ये ते रेफरन्स ५५४८ म्हणून आलं. यंत्राची जाडी ३.९५ मिलिमीटर, तेव्हाचं सर्वांत पातळ स्वयंचलित पर्पेच्युअल कॅलेंडर. उद्योग बुडत असताना कुणीतरी चार वर्षांच्या हिशेबाचं यंत्र करतो, हे मला आजही हलवून जातं. ही घड्याळं पाटेकच्या जुन्या मॉडेलांच्या मानाने पुष्कळ स्वस्त मिळतात, आणि माझ्या मते अजूनही त्यांना हवा तेवढा मान मिळालेला नाही. आधीच्या ५५४८ मध्ये लीप वर्षाची खूण नाही, हे लक्षात ठेवा.

त्यानंतर १९८५. आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीच्या कुर्ट क्लाउस यांनी दा विंची हे घड्याळ केलं: सगळं कॅलेंडर एकाच किल्लीने पुढे जातं आणि डायलवर वर्ष चार आकड्यांत दिसतं. वापरायला याहून सोपं जुनं पर्पेच्युअल नाही. धोका एकच. किल्लीने ते फक्त पुढे जातं. चुकून दोन दिवस पुढे नेलंत तर मागे आणता येत नाही. किल्ली ओढून घड्याळ थांबवायचं आणि खरी तारीख गाठेपर्यंत वाट बघायची. त्याच १९८५ मध्ये पाटेकचं ३९४० आलं, ३६ मिलिमीटर, पातळ, लीप वर्ष महिन्याच्याच छोट्या वर्तुळात. बजेट पुरत असेल तर पहिलं घड्याळ म्हणून मी तेच सांगेन.

घेतल्यावर एक नियम काटेकोर पाळा. दा विंची सोडलं तर या घड्याळांत केसच्या कडेला तारीख, वार, महिना आणि चंद्र पुढे करायची बुडवलेली बारीक बटणं असतात. रात्री ती दाबू नका. संध्याकाळी उशिरापासून पहाटेपर्यंत तो लांब लिव्हर चाकांत अडकलेला असतो; त्या वेळी बटण दाबलं तर दोन बाजूंनी जोर येऊन चोच वाकते किंवा दात तुटतो. माझ्याकडे आलेल्या मोडलेल्या कॅलेंडरांपैकी बहुतेकांची हीच कहाणी होती, आणि ऐंशी वर्षांपूर्वी हाताने जुळवलेल्या लिव्हरचा सुटा भाग दुकानात मिळत नाही, तो नवा घडवावा लागतो. आधी काटे फिरवून सकाळ करा, मग बटण दाबा, तेही लाकडी किंवा मऊ टोकाच्या काडीने; टाचणीने किंवा पेनच्या टोकाने नाही. आणि जुनं स्वयंचलित घड्याळ रात्रंदिवस फिरवणाऱ्या डबीत ठेवू नका असं माझं मत आहे. तारीख लावायचा दोन मिनिटांचा त्रास वाचवण्यासाठी यंत्र वर्षभर झिजवण्यात अर्थ नाही.

राहता राहिलं ते २१००. शतकाचं वर्ष ४०० ने भागलं जात नसेल तर ते लीप नसतं, आणि हा नियम या घड्याळांना माहीत नाही. २००० ला ४०० ने भाग जातो, म्हणून १९४१ पासूनची सगळी घड्याळं त्या वर्षी बरोबर निघाली. ती चुकतील २१०० मध्ये: २८ फेब्रुवारीनंतर २९ दाखवतील आणि कुणालातरी बटण दाबावं लागेल. मनगटी पर्पेच्युअल कॅलेंडरच्या सगळ्या इतिहासात असा दिवस अजून आलेला नाही. एका यंत्राच्या बाबतीत मात्र तो येऊन गेला. १८९८ मध्ये बनलेलं ते ९७९७५, १९०० च्या फेब्रुवारीत दोन वर्षांचं होतं. तेव्हा ते चालू असेल तर त्याने २९ दाखवली असणार. ते जिनिव्हात प्लँपाले भागातल्या पाटेक फिलीप संग्रहालयात आहे. जायला जमलं तर काहीही विकत घेण्याआधी ते बघून या, आणि जाताना भिंग बरोबर न्या. काचेतूनही बरंच दिसतं.